विहिरीतले ओव्हरसियर

पाहुण्याला दाखवण्यासारखं गावात काहीतरी असावं, अशी प्रत्येक गावकऱ्याची इच्छा असते. पंढरपूरला विठोबा आहे. सोलापूरला सिद्धेश्वर आहे आणि पाहुणा फारच खर्चिक निघाला तर चादरी आहेत. अकलूजला नीरेच्या काठी किल्ला आहे. वेळापूरला यादवांच्या काळातलं अर्धनारीनटेश्वराचं देऊळ आहे. आमच्या नातेपुत्याला काय आहे? तर रस्ता आहे. पुण्याहून पंढरपूरला जाणारा. म्हणजे आमच्याकडे दाखवण्यासारखं जे आहे ते इथून दुसरीकडे जाण्यासाठीच आहे. शिंगणापूरचा महादेव जवळ आहे, पण तो सातारा जिल्ह्यात. माउलींची पालखी वर्षातून एक रात्र मुक्कामाला येते. त्या रात्री गावात पाय ठेवायला जागा नसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी माळशिरसच्या दिशेने निघाली, की उरलेले तीनशे चौसष्ट दिवस पाय ठेवायला हवी तेवढी जागा असते.

बरं, नाव तरी भारदस्त असावं! मी पुण्याला बँकेत नोकरीला होतो. "गाव कुठलं?" म्हणून कुणी विचारलं आणि मी "नातेपुते" म्हटलं, की समोरचा "कुणाचे?" असं विचारायचा. मग जिल्हा, तालुका, फलटणपासून अंतर, सगळं सांगून झाल्यावर तो "अच्छा अच्छा" म्हणायचा आणि त्यातला दुसरा 'अच्छा' त्याला काही समजलेलं नाही हे सांगायचा.

अशा गावात, आमच्या वडिलोपार्जित विहिरीत, एक ड्रॅगन राहायला आला, तर माझी छाती फुगली यात नवल ते काय?

ड्रॅगन हा शब्द मी फुशारकी म्हणून वापरलेला नाही, हे आधी स्पष्ट केलं पाहिजे. ड्रॅगन दोन प्रकारचे असतात. एक युरोपातला. तो तोंडातून आग ओकतो, गुहेत सोन्याच्या राशीवर बसतो आणि राजकन्या पळवतो. थोडक्यात, त्याला काही कामधंदा नसतो. दुसरा चीनमधला. तो पाण्यात राहतो. नद्या, तळी, विहिरी, समुद्र ही त्याची ठिकाणं आणि पाऊस पाडणं हे त्याचं खातं. दुष्काळ पडला की तिथले लोक पूर्वी त्याच्याकडे अर्ज-विनंत्या करत. म्हणजे चिनी ड्रॅगन हा साधारणपणे पाटबंधारे खात्यातला माणूस झाला. आमच्या जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही पडला तर. तेव्हा असा एखादा अधिकारी आमच्याकडे बदलून यायला काहीच हरकत नव्हती.

आमच्या विहिरीत आली ती घोरपड होती.

हसू नका. इंडोनेशियातल्या कोमोडो बेटावर जो प्रचंड सरडा आहे, तीन मीटर लांब आणि सत्तर किलोच्या घरातला, त्याला साऱ्या जगात कोमोडो ड्रॅगनच म्हणतात. 1912 साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं आणि तेव्हापासून तो आणि आपली घोरपड एकाच कुळात नांदताहेत. कुळाचं नाव वॅरॅनस. आपल्या घोरपडीचं पूर्ण नाव वॅरॅनस बेंगालेन्सिस. मी हे दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "वरण? बंगाली वरण?" मी म्हटलं, मूळ शब्द अरबी आहे, वरल. तो म्हणाला, "मग बरूबर. वरणच." इंग्रजीत ह्याच प्राण्याला मॉनिटर म्हणतात. शाळेत आमचा एक मॉनिटर होता, तोही असाच डोळे न मिटता बघत बसायचा आणि जीभ बाहेर काढायचा. त्यामुळे ते नाव मला पटलं.

आता दादाबद्दल सांगितलं पाहिजे. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. मी शिकलो, नोकरीला लागलो. दादा शेतावर राहिला. शिंगणापूरच्या रस्त्याला आमचं रान आहे, त्यात आजोबांनी बांधून घेतलेली दगडी विहीर. पूर्वी तिच्यावर मोट चालायची, मग इंजिन आलं, मग विजेची मोटार आली. दादाचा स्वभाव मुळातच मुका. घरात बोलायचं काम वहिनी करायची. दादाला भूक लागली आहे, दादाचं डोकं दुखतंय, दादाला ही सोयरीक पसंत नाही, हे सगळं आम्हाला वहिनीकडून कळायचं. 2012 च्या हिवाळ्यात वहिनी गेली आणि दादाचं टपाल खातंच बंद पडलं.

मी दर रविवारी फोन करायचो. दादाची तीन वाक्यं ठरलेली. "बरा हाय. पाऊस न्हाई. ठेवतो." पाऊस असला तर मधलं वाक्य बदलायचं. पण आमच्याकडे ते सहसा बदलत नाही. पुतण्या सांगायचा, "काका, घरात तर तेवढंही बोलत नाहीत. सकाळी रानात जातात ते विहिरीवर बसतात, ते दिवस मावळायला येतात." मी पुतण्याला म्हणायचो, "लक्ष ठेव." तो "हो" म्हणायचा. पण विहिरीवर एकटा बसणाऱ्या माणसावर लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

2014 च्या जून महिन्यात एक दिवस दादाचा आपणहून फोन आला. रविवार नव्हता. माझ्या पोटात गोळाच आला. दादा म्हणाला, "आरं, हिरीत एक जण राहायला आलाय."

आणि पुढे दादा अकरा मिनिटं बोलला. मी घड्याळ बघितलं म्हणून सांगतो.

विहिरीच्या बांधकामातले दोन दगड निखळून तिथे कपार झाली होती. तिच्यात हे पाहुणे येऊन राहिले होते. शेपटीसकट लांबी दीड हाताच्या पुढे, रंग वाळलेल्या चिखलाचा, चालताना मान हलवत, आजूबाजूची सगळी कामं निकृष्ट दर्जाची झाली आहेत अशा चेहऱ्याने पाहणी करत जाणार. दादाला लहानपणी कालव्यावर बघितलेला एक ओव्हरसियर आठवला. तोही असाच कालव्याच्या भरावावरून मान हलवत जायचा. झालं, नाव ठरलं. दादा त्याचा उच्चार 'ओव्हरशेर' असा करतो. त्यामुळे पदाला थोडं वजनही येतं.

ओव्हरसियरांचं कामकाज ठराविक वेळेला चालायचं. सकाळी ऊन विहिरीच्या पश्चिमेच्या भिंतीवर पडलं, की कपारीतून आधी जीभ बाहेर यायची. साप आणि घोरपड दोघांचीही जीभ दुभंगलेली असते आणि तिने ते हवेतला वास टिपतात. दहा-पंधरा वेळा जीभ आत-बाहेर करून हवामानाचा अंदाज घेतला, की डोकं यायचं. मग बराच वेळ नुसतं डोकंच. दादा म्हणायचा, "सही करत्यात." मग सगळं अंग बाहेर. मग मोटारीच्या चौथऱ्यावर, सिमेंट तापलेलं असेल तिथे, चारही पाय पसरून ऊन खायचं. थंड रक्ताच्या प्राण्याला ऊन खाल्ल्याशिवाय हालचाल करता येत नाही, हे शास्त्र आहे. पण बघणाऱ्याला वाटावं, चहा आल्याशिवाय फाइल हलणार नाही.

मोटार सुरू झालेली त्यांना आवडत नसे. शेतीपंपाची थ्री फेज वीज कधी रात्रीची, कधी दिवसाची. दिवसाच्या पाळीला मोटारीचा आवाज झाला, की साहेब उठायचे, मोटारीकडे एकदा रोखून बघायचे आणि घाई न करता विहिरीच्या काठापर्यंत जाऊन पाण्यात उडी टाकायचे. ही उडी बघण्यासारखी असायची, असं दादा सांगायचा. पुढे मीही पाहिली. पाय पोटाशी आवळून घ्यायचे आणि नुसत्या शेपटीच्या वळवळीवर पोहायचं. नाकपुड्या मिटून घेता येतात आणि पाण्याखाली सतरा मिनिटांपर्यंत राहिल्याची शास्त्रज्ञांनी नोंद केलेली आहे. दादाने आपलं मनगटी घड्याळ लावून मोजलं. पहिल्या दिवशी नऊ मिनिटं. दुसऱ्या दिवशी बारा. मी सतराचा आकडा सांगितला, तेव्हापासून दादा साहेबांच्या बाजूने ईर्ष्येला पेटला. "आज चौदा झाली. आपला बी कमी न्हाई," असा फोन यायचा. जणू पोरगं बोर्डात येणार होतं.

आहार सांगायचा तर खेकडे, बेडूक, गोगलगायी, किडे, उंदीर, विंचू. विंचू खाणारा प्राणी शेतात असणं म्हणजे काय, हे अनवाणी पाणी धरणाऱ्यालाच कळतं. पण साहेबांना अंड्यांचा शौक होता. शेजारच्या वस्तीवरच्या मावशींच्या कोंबडीची अंडी दोनदा गेली. मावशी तावातावाने आल्या. दादाने ऐकून घेतलं आणि खिशातून पैसे काढून दिले. ज्या दादाने बसच्या कंडक्टरकडे राहिलेल्या एका रुपयासाठी स्टँडवर अर्धा तास धरणं धरलं होतं, त्याने! मावशींनी पैसे घेतले. पुढे तर अंडं मुंगसाने नेलं तरी त्या दादाकडेच यायच्या.

तुम्ही विचाराल, हे सगळं ठीक. पण तो प्राणी मनमिळाऊ होता का? आता मनमिळाऊ म्हणजे काय ते ठरवावं लागेल. तो काही दादाच्या मांडीवर येऊन बसत नव्हता. हाक मारली तर येत नव्हता. दादाने त्याला कधी काही खायलाही घातलं नाही. "सरकारी माणसाला सवय लावू ने," हे त्यावर त्याचं म्हणणं. पण घोरपड हा फार भित्रा प्राणी आहे. माणसाची चाहूल लागली की ती बिळात नाहीतर झाडावर; अगदीच कोंडीत सापडली तर फुसकारते आणि शेपटीचा फटका मारते. अशा प्राण्याने, दादा लिंबाखाली भाकरी खात बसलेला असताना, चार हातांवरून शांतपणे चालत जावं, मध्येच थांबून त्याच्याकडे मान वाकडी करून बघावं आणि पुढे जावं, याला दादा मैत्री म्हणत होता. माझे बँकेतले काही मित्र आठवले आणि मला ते पटलं.

गावात अर्थातच शास्त्रापेक्षा जास्त माहिती होती. घोरपड चावली की मेल्याशिवाय सोडत नाही. घोरपडीच्या नुसत्या फुंकरीने माणूस सुजतो. घोरपडीचं विष नागापेक्षा जालीम. माणसाला मारील असं विष तिच्यात नसतं, हे मी गावी गेल्यावर पारावर सांगितलं. सगळ्यांनी आदराने ऐकलं आणि बँकेत असलेल्या माणसाला घोरपडीतलं काय कळतंय, अशा नजरेने एकमेकांकडे बघितलं. तानाजीचा विषय तर निघणारच होता. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून कोंढाण्याचा कडा सर केला, ही गोष्ट पोवाड्यातून आपल्या रक्तात उतरलेली आहे. इतिहासकार ती मानत नाहीत. पण इतिहासकारांना पारावर कोण बसू देतो? घोरपडे हे आडनावही अशाच एका किल्ल्याच्या आणि घोरपडीच्या कथेतून आलं, असं सांगतात. एकूण मराठी माणसाने घोरपडीला किल्ल्यावर चढवलं, आडनावात घेतलं, पुण्यात तिच्या नावाचं रेल्वे स्टेशन केलं आणि रानात दिसली की दगड घेऊन मागे धावला.

2015 च्या जुलैत पालखी आली. मुक्कामाच्या दिवशी गावातल्या आणि गावाबाहेरच्या प्रत्येक विहिरीवर वारकरी आंघोळीला असतात. त्या वर्षी पाऊस नव्हताच, विहिरीत पाणी थोडं होतं, तरी पन्नासेक मंडळी आमच्या विहिरीवर आली. एक जण पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतो तोच त्याच्या शेजारून साहेब सरकले आणि बुडाले. तो ओरडला, "मगर!" वर असलेल्यांनी ऐकलं, "मगर." रस्त्यावरच्यांनी ऐकलं, "दोन मगरी." चहाच्या टपरीपर्यंत बातमी गेली तेव्हा मगरीने एका माणसाचा पाय धरलेला होता. बघता बघता दोन-अडीचशे माणूस जमलं. आणि ओव्हरसियर पाण्याखाली!

दादा विहिरीच्या काठावर उभा राहिला. जो माणूस वहिनीच्या तेराव्याला आलेल्या लोकांना "या" आणि "बसा" यापलीकडे काही बोलला नव्हता, त्याने अडीचशे माणसांपुढे भाषण केलं. "मगर न्हाई. घोरपड हाय. कुनाला काय करत न्हाई. पान्याखाली सतरा मिनिटं ऱ्हाती. आत्ता सहा झाली. दम धरा." आणि लोकांनी दम धरला. दादा घड्याळ बघून मिनिटं पुकारत होता. सात. आठ. एका म्हाताऱ्या वारकऱ्याने अभंग सुरू केला, टाळ वाजायला लागले. तेराव्या मिनिटाला पलीकडच्या भिंतीजवळ दोन नाकपुड्या वर आल्या. सगळ्या जमावाने "पुंडलिक वरदा हरि विठ्ठल" केलं. साहेब कपारीत शिरले आणि जीभ काढून बाहेर बघत राहिले. अशी सलामी कुठल्या चीफ इंजिनियरला मिळाली असेल, असं मला वाटत नाही.

मग 2016 चा उन्हाळा आला. तो उन्हाळा महाराष्ट्रात कुणी विसरणार नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आमची विहीर मार्चमध्ये तळाला गेली आणि एप्रिलमध्ये कोरडी पडली. तळाशी चिखल, मग भेगा. आजोबांच्या वेळेपासून ती फक्त 1972 च्या दुष्काळात अशी आटली होती. पुतण्याने बोअर घेतलं. त्याला पाणी लागलं, थोडं पण लागलं. पुतण्याचं म्हणणं पडलं, की ही जुनी विहीर आता बुजवून टाकावी. जागा अडते, गुरं पडायची भीती, कचरा साचतो. त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं. मलाही तो फोन करून म्हणाला, "काका, तुम्ही समजावून सांगा." मी काय समजावणार! विहीर गेली तर दादा दिवसभर कुठे बसणार, हा प्रश्न माझ्यापुढे होता. पण तो सातबाऱ्याच्या उताऱ्यावर कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

ओव्हरसियर त्याच सुमाराला दिसेनासे झाले. दादाने बाभळीची एक लांब फांदी विहिरीत सोडली, साहेब आत अडकले असतील तर वर यायला. पुतण्या म्हणाला, "घोरपडीला चढायला फांदी? तानाजीनं काय शिडी नेली होती व्हय?" दादा हसला नाही. रविवारच्या फोनवर पुन्हा तीन वाक्यं आली. मधलं वाक्य बदललं होतं. "बरा हाय. त्यो न्हाई. ठेवतो."

त्या मे महिन्यात मी आठ दिवस गावी जाऊन राहिलो. तेव्हाची गोष्ट. एक मनुष्य मोटारसायकलवरून आला. कुठून तरी त्याने पालखीतला किस्सा ऐकला होता. गोड बोलला, पाणी मागितलं, मग मुद्द्यावर आला. घोरपड पाहिजे. जिवंत असली तर दहा हजार. दादा गप्प. त्याला वाटलं भाव कमी झाला. मग त्याने दादाच्या गुडघ्यांकडे बघितलं. "आजोबा, वर तेल काढून देतो तुम्हाला. गुडघं पळायला लागत्याल." दादाचे गुडघे खरोखरच गेलेले होते. उठताना तो खांबाला धरून उठायचा. त्या वर्षी ऊस जळालेला होता, बोअरचं कर्ज डोक्यावर होतं. मी दादाकडे बघत होतो.

दादाने विचारलं, "वाघ धरलास तर किती वर्सं जातोस आत?"

तो मनुष्य म्हणाला, "वाघाचा काय संबंध?"

दादाने माझ्याकडे बोट केलं. "ह्यो सांगंल. ब्यांकेत होता." मी सांगितलं, की 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच पंगतीला. शिक्षा तीन ते सात वर्षं. तो मनुष्य पाणी न पिता गेला. दादा खांबाला धरून उठला आणि म्हणाला, "माझं गुडघं ऱ्हाईलं तर मी बसून ऱ्हाईन. बसायला हीर तर पायजे." पुतण्या दारात उभा होता. त्याने ते ऐकलं. त्यानंतर विहीर बुजवायचा विषय घरात निघाला नाही.

पुढे 2017 साली एक बातमी वाचली आणि त्या मोटारसायकलवाल्याचा खरा धंदा कोणता असावा याची शंका आली. 'हत्थाजोडी' नावाचं एक दुर्मीळ मूळ भाग्य उजळायला म्हणून दुकानांतून आणि इंटरनेटवरून विकलं जात होतं. दोन हात जोडल्यासारखा त्याचा आकार. तपासणीत निघालं, की ते मूळ नव्हेच, नर घोरपडीचा वाळवलेला अवयव आहे. कोणता, ते अशा लेखात लिहिण्यासारखं नाही. वाचकांनी समजून घ्यावं. सुशिक्षित लोक ते तिजोरीत ठेवून रोज उदबत्ती ओवाळत होते. लक्ष्मी प्रसन्न व्हावी म्हणून!

2016 चा पावसाळा मात्र चांगला झाला. जुलैत विहिरीला पाणी आलं. ऑगस्टमध्ये फोन. रविवार नव्हता.

"आला."

"कोण?"

"आरं, कोन काय? ओव्हरशेर!"

त्यानंतर आठवडाभर रोज फोन. साहेब आलेत, पण वागणं बदललं आहे. ऊन खायचं सोडून बांधावर खड्डे खणत हिंडतात. एक खणला, सोडला. दुसरा खणला, सोडला. तिसरा. "खातं बदललंय का काय?" दादा म्हणाला, "रोजगार हमीवर गेल्यागत दिसतंय." मी पुस्तकं चाळली आणि मला उलगडा झाला. घोरपडीची मादी पावसाळ्यात जमिनीत बीळ करून वीस-तीस अंडी घालते, माती लोटून बुजवते आणि लुटारूंना पत्ता लागू नये म्हणून आसपास खोटे खड्डे खणून ठेवते.

मी फोनवर सांगितलं, "दादा, तुझे ओव्हरसियर बाई आहेत."

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन कट झाला. मग दादा म्हणाला, "तरीच. तुझी वहिनी बी अशीच. पैसं ठेवायची एका डब्यात आन् हुडकायला लावायची सात डब्यांत."

2012 नंतर वहिनीचं नाव त्याने माझ्यापाशी पहिल्यांदा काढलं होतं. मी काही बोललो नाही. तोच पुढे बोलत राहिला. कुठला डबा, त्यात किती निघाले, ती गेल्यावर डाळीच्या डब्यात साडेतीनशे रुपये सापडले ते त्याने अजून तसेच ठेवलेत, सगळं. शेवटी म्हणाला, "तरी मी म्हनतोय, मोटारसायकलवाला आला तवा ही नर न्हाई हे आधी कळाया पायजे हुतं. इक्रीच रद्द झाली असती."

बाकी एक अडचण उरली. बाईंना ओव्हरसियर म्हणायचं की दुसरं काही? पुतण्याने 'ओव्हरसियरीण' सुचवलं, ते दादाला नापसंत. ती तर ओव्हरसियरची बायको झाली. इथे हुद्दा बाईंचा स्वतःचा आहे. मी दादाला हेही सांगितलं, की 2006 साली इंग्लंडमधल्या प्राणिसंग्रहालयांत कोमोडो ड्रॅगनच्या माद्यांनी नराच्या गाठीभेटीशिवाय अंडी घातली आणि पिल्लंही निघाली, असं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. दादाने विचार केला आणि म्हणाला, "आपल्यात तसलं नको. गावात चर्चा हुईल." अखेर पद तेच ठेवायचं आणि क्रियापद स्त्रीलिंगी लावायचं, असा तोडगा निघाला. "ओव्हरशेर आली व्हती," असं आमच्या घरात आता सहज बोलतात. ऐकणाऱ्या पाहुण्याचा गोंधळ होतो. पण नातेपुत्यात बघण्यासारखं काहीतरी आहे, एवढं त्याला नक्की कळतं.

अंड्यांतून पिल्लं निघायला बरेच महिने लागतात. 2017 चा उन्हाळा संपता संपता बांधावर वीतभर लांबीचं, पाठीवर ठिपक्यांच्या रांगा असलेलं एक पिल्लू पुतण्याला दिसलं. त्याने ते बूट हातात घेऊन, अनवाणी, पाऊल न वाजवता बराच वेळ बघितलं, असं त्यानेच मला सांगितलं. "दादांना सांगू नका," म्हणाला, "नाहीतर म्हणतील, विहीर बुजवणारा आता अनवाणी हिंडतोय." मी म्हटलं, सांगत नाही. पण तेव्हा दादाचा फोन येऊन गेलेला होता. पोरगं बूट हातात घेऊन बांधावर का उभं होतं, हे त्याने लिंबाखालून पाहिलं होतं आणि मला सांगायला त्याला बावीस मिनिटं लागली होती.